मोकळी जागा

३ डिसेंबर
परंड्याला आलो. संस्थेच्या कार्यालयात नोकरी, बसस्थानकामागं खोली. खिडकीत ऊन येतं. छान वाटलं. बारा संगणकांवर नवी विंडोज बसवून झाली आहे. जुनी प्रत्येकात एका फोल्डरमध्ये पडून आहे. ती पुसून जागा मोकळी करायची, एवढंच माझं काम. नंतरचा त्रास नको म्हणून सगळीकडं जुने फोल्डर काही दिवसांनी स्वतःच पुसणारी आपोआप सफाई चालू करून ठेवली. जळकोटहून आईचा फोन आला. जेवलास का, कन्नडमधून. घरी आम्ही कन्नडच बोलतो.

४ डिसेंबर
हेडक्लार्क पंचाक्षरी गेल्या वर्षी वारले. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. पहिला संगणक सगळे अजून त्यांच्याच नावानं उघडतात. पासवर्ड सर्वांना पाठ. शिपाई हरणाबाई म्हणाल्या, "सकाळी नाव दिसलं की सायेब आल्यागत वाटतंय. तेवढं पुसू नगा, सर." मी हसलो. कामाच्या फाइली बाजूला काढल्या आणि त्या संगणकातला जुना फोल्डर पुसला. अठ्ठावीस जीबी मोकळे झाले.

५ डिसेंबर
फोटो नाही. भिंतीत खिळ्याचं भोकही नाही. हरणाबाईंना विचारलं. "कोन पंचाक्षरी? सर, सकाळचा च्या न्हाय झाला व्हय?" सगळे हसले.

८ डिसेंबर
पुढचं काही पुसलं नाही. फोल्डर नुसते उघडून पाहिले. अकराव्या संगणकात वापरणाऱ्याचं नाव बसवेश. माझं. मी त्यावर कधी बसलो नाही. आत आईचे फोटो. तिच्या मांडीवर मी. तेव्हा आमच्याकडं कॅमेरा नव्हता.

९
कॉपी होत नाही. परवानगी नाही म्हणतो. आपोआप सफाई बंद केली. पुन्हा चालू. बंद केली — चालू. वायर उपसली. पडदा विझला नाही. फोल्डर पुसला जातोय, एकवीस टक्के.

दुपारी
आईला फोन केला. मराठीत बोलली. मराठी ती परक्यांशीच बोलते. मी नाव सांगितलं. "राँग नंबर लागलाय बगा. आमाला लेकरू न्हाय."

अठ्ठावन्न टक्के
हरणाबाई दारात. कुणाला भेटायचंय, विचारलं त्यांनी. मला सर म्हणाल्या नाहीत —

आठवतं ते लिहून ठेवतो. घराचं दार निळं. आईच्या हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके — दोन? तिचं नाव ना