साडूचा खडबडीत, माझा गुळगुळीत

१ मार्च, मंगळवार. उदगीर.
आजपासून रोजनिशी. पुढं धंदा मोठा झाला की लोक सुरुवात विचारतात, आणि नेमकी तेव्हा आठवत नाही. कुणी वाचायची नाही.

नांदेड रोडला एक राजस्थानी ट्रकवाला गुलाबी दगड विकून राहिला होता. रोझ क्वार्ट्झ. मी बघताक्षणी ओळखला. कॉलेजात क्लार्क असलो म्हणून काय झालं, बारा वर्षांचा दगडांचा शौक आहे. दोन पोती घेतली.

चूक एकच झाली. आनंदाच्या भरात साडूला फोन केला. श्रीमंतराव, नांदेडचे. शिवकन्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अर्धापूरची केळी घेऊन विकतात. म्हणाले, एक पोतं मला बी धाडा. एसटीच्या टपावर टाकून धाडलं. आयडिया माझी होती, हे इथं नोंदवून ठेवतो.

३ मार्च, गुरुवार.
प्लॅन पक्का. ओबडधोबड दगड कोण घेतं? परदेशातले हौशी लोक तो पाणी आणि पावडर घालून ड्रममध्ये महिनाभर फिरवतात. गोटीसारखा गुळगुळीत होतो. टम्बलिंग म्हणतात. मग भाव कुठल्या कुठं. यूट्यूबवर सगळं बघितलं.

साडू म्हणे तसाच विकणार. धुणारसुद्धा नाही. मी शिवकन्यासमोर मुद्दाम मोठ्यानं हसलो. ती म्हणाली, दाजींनी हात लावला आणि खपलं नाही असं आजवर झालं न्हाई.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हेच ऐकतो. दाजींनी घर बांधलं. दाजींनी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. आईबापानं नावच श्रीमंत ठेवलं, त्यात त्या माणसाचं कर्तृत्व काय? एकदाच, फक्त एकदाच तिनं म्हणावं की दाजींपेक्षा तुमचं डोकं चाललं. बाकी काही नको.

६ मार्च, रविवार.
ड्रम फिरवायला मोटर पाहिजे. घरात आहे. वॉशिंग मशीनची. पाच वर्षं भिशी भरून शिवकन्यानं ते घेतलं आणि त्याच वर्षी नळ गेला. आता आठ दिवसाला टँकर. मशीनवर चादर, चादरीवर कांद्याची टोपली. मोटर नुसती पडून राहिली तर खराब होते, म्हणजे मी तिच्या भल्याचंच केलं. शिवकन्या बाजारात गेली तेव्हा काढली. तात्पुरती. सांगितलं नाही, कारण सरप्राइज.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र.
सरप्राइज कळलं. उपास होताच, साबुदाणा मिळाला नाही म्हणून जास्त कडक झाला.

११ मार्च, शुक्रवार.
रंगाचा रिकामा डबा, सायकलचं चाक, पट्टा, मोटर. यंत्र सुरू! पहिल्या वेगात दगडाचा चुरा झाला. वेग कमी केला. आता छान फिरून राहिलंय. आवाज थोडा आहे. घरात लोखंडी गाडी चालू असल्यासारखं वाटतं, पण सवय होते.

शेजारच्या सिद्धम्मांना होत नाही. कुंपणावरून म्हणाल्या, अमृतराव, म्हशीला प्यायला न्हाई आन् तुम्ही दगडाला आंघोळ घालून राहिलाव, डोकं बिकं ठिकाणावर हाय न्हवं? शास्त्रीय दृष्टिकोन आपल्या लोकांत कमीच.

१९ मार्च, शनिवार.
पावडर बदलायची म्हणजे आधी दगड स्वच्छ धुवायचे, वाहत्या पाण्यात. व्हिडिओतला गोरा माणूस बागेत उभा राहून धुतो. पाईप तसाच जमिनीवर सोडून बोलत बसतो. मी दगड सोडून दहा मिनिटं त्या पाईपकडंच बघत राहिलो.

आपण आधी भांड्याचं पाणी वापरलं. मग कपड्याचं. दगडाला वरणाचा वास यायला लागला. शेवटी प्यायच्या पिंपातून दोन तांबे घेतले. दोनच. फार तर चार.

संध्याकाळी साडूचा फोन. बायकोच्या मोबाईलवर, माझ्या नव्हे. एका नर्सरीवाल्यानं वीस किलो नेला म्हणे. कुंड्यांत ठेवायला. खडबडीत! न धुतलेला! नर्सरीवाला मूर्ख असणार. शिवकन्याचा चेहरा असा फुलला की जणू तिनंच विकला. मला भाकरी करपलेली दिली.

२७ मार्च, रविवार.
बाजारात पक्की बातमी. उदगीर जिल्हा होणार. एक मेला घोषणा. कलेक्टर येणार, एसपी येणार, त्यांचे बंगले येणार, बंगल्यांत शोकेस येणार. शोकेसमध्ये साडूचा मातीनं भरलेला धोंडा ठेवतील का माझा गुळगुळीत? नांदेड जुना जिल्हा. संपलेला. भविष्य इकडं आहे.

पेंटरकडून बोर्ड करून घेतला. अमृत जेम्स अँड स्टोन्स, ता. व जि. उदगीर. पेंटर म्हणाला, घोषणा तर होऊ द्या. त्याला म्हटलं, मोठी माणसं आधी बोर्ड लावतात.

साडूला फोटो टाकला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. जळले असणार.

३ एप्रिल, रविवार.
टँकर काल यायचा होता, आला नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आणणार म्हणतात. आपल्याकडं रेल्वे आहे, पण पाणी नाही त्यात.

शिवकन्यानं पिंपाचं झाकण उघडलं, तळ दिसला. तळाशी माझ्या तांब्यातून पडलेला एक गुलाबी दगड. तिनं तो उचलून माझ्या हातावर ठेवला.  

४ एप्रिल, सोमवार.
शिवकन्या सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. अक्काकडं. पाणी आलं की सांगा, म्हणाली. किती दिवस, विचारलं. ते दगडाला विचारा, म्हणाली.

ठीक आहे. एकाग्रतेसाठी एकांत चांगलाच.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा.
गुढी उभारली. तांब्या पालथा घालायला काही अडचण आली नाही, रिकामाच होता. श्रीखंड नाही. नांदेडला दोन दिवसाआड नळ येतो. शिवकन्याशी फोनवर बोललो. आवाज ताजातवाना. विचारलं तर म्हणाली, दोन बादल्यांनी न्हायले.

साडूच्या न्हाणीत माझी बायको दोन बादल्यांनी न्हाते आणि मी इथं ओल्या टॉवेलनं अंग पुसून राहिलो. मला राग साडूचा यावा की बादल्यांचा, कळेना. दोन्हीचा आला.

१४ एप्रिल, गुरुवार. जयंती.
सुट्टी. बाहेर मिरवणूक, निळे झेंडे, साऱ्या गल्लीला सरबत. सिद्धम्मांनी मलाही एक ग्लास आणून दिला. मी अर्धा प्यालो. उरलेल्या अर्ध्याकडं बघून डोक्यात जे आलं ते इथं लिहीत नाही.

दुपारी ड्रम उघडला. महिना झाला! ओले दगड काय चमकत होते! आरशासारखे! हातात घेऊन नाचलो. साडूनं बघावं असं वाटलं. शिवकन्यानं तर बघावंच.

अर्ध्या तासानं वाळले. वाळले की आजारी दिसतात. पांढरट, खडू लागल्यासारखे. परत ओले केले, परत चमकले. निष्कर्ष: माल ओलाच विकायचा.

पोत्याचा माल निम्म्यावर आलाय. निम्मा झिजून गाळ झाला. क्वालिटी म्हटल्यावर झीज असतेच.

१६ एप्रिल, शनिवार.
ओला माल कुठं खपेल? माशांच्या टाकीत! फिश टँकवाल्या व्यंकटकडं गेलो. दुकानात टाक्या कोरड्या. एकीत तो लिंबं ठेवून विकतो. म्हणाला, साहेब, मासे मार्चमध्येच गेले, आता दगड कुणाला दाखवू?

म्हणजे मागणी आहे, मासे नाहीत एवढंच.

२२ एप्रिल, शुक्रवार.
आठवडाभर दगड गच्चीवर उन्हात टाकले होते. आत ओलावा राहिल्यानं फिके दिसत असतील, असा अंदाज. बेचाळीस डिग्री ऊन. आज बघितले तर गुलाबीच गेलं. नेटवर आता वाचलं की हा दगड उन्हात विटतो. आधी लिहायला काय झालं होतं यांना? अर्थात वर लिहिलेलं असेल, मी खालून वाचलं.

रंगाला नवीन नाव दिलं: पेस्टल. मोठ्या शहरांत हेच चालतं.

शिवकन्याचा फोन. साडूचं पोतं संपलं. दुसरं मागवलं. दुसरं! मी अभिनंदन म्हणालो. म्हणताना दात दुखले. मग विचारलं, माझी आठवण येते का? ती म्हणाली, गिऱ्हाईक आलंय, ठेवते.

साडूच्या घरी तिला गिऱ्हाइकाचं काय? घरी पाहुणी म्हणून ठेवून काम करून घेतात म्हणजे. असली माणसं.

१ मे, रविवार. महाराष्ट्र दिन.
सकाळपासून टीव्हीपुढं. झेंडा झाला. भाषणं झाली. उदगीर नाही. दुपारच्या बातम्या, नाही. रात्रीच्या, नाही.

सिद्धम्मा बोर्डाकडं बघून म्हणाल्या, जिल्हा कुठं हाय? म्हटलं, पंधरा ऑगस्टला. त्यांनी माझ्या पिंपात एक घागर ओतली. म्हणाल्या, हे प्यायला हाय, दगडाला न्हाई. मला उगीच भरून आलं. धुळीनं असेल.

५ मे, गुरुवार.
पेस्टल माल परत फिरवायला टाकला होता, मोटर जळली. व्होल्टेजचा दोष. यंत्राचा नाही, माझा तर नाहीच. घर एकदम गप्प झालं. दोन महिन्यांत पहिल्यांदा चिमण्या ऐकू आल्या. चांगलं वाटलं नाही.

खरं लिहितो, कुणी वाचत नाही. मला तिच्यावाचून करमत नाही. आणि ती तिकडं दाजी दाजी करून राहिली असेल, या विचारानं भात घशाखाली उतरत नाही. तिनं परत यावं, पण साडूचा धंदा बसल्यावर यावं. असं वाटणं वाईट आहे. पण वाटतं.

१२ मे, गुरुवार.
विजय!! शिवकन्याचा फोन. स्वतःहून. नांदेडला बचत गटांचं प्रदर्शन लागलंय, अक्काच्या गटाचा स्टॉल आहे, तुमचे ते गुळगुळीत सगळे घेऊन या. सगळे! शब्द तिचा. मी दोनदा विचारून घेतला.

शेवटी आलेच ना माझ्या दारात? खडबडीत किती दिवस चालणार? साडूंना दोन शब्द प्रेमानं सांगायचे ठरवलं. मोठेपणा मोठ्या माणसानं दाखवायचा असतो. शर्ट इस्त्री केला. व्हिजिटिंग कार्डं घेतली, जि. उदगीर आहेत पण चालतील. शिवकन्याला परत कधी येतेस हे मी विचारणार नाही. माल बघून तीच म्हणेल.

१४ मे, शनिवार. नांदेड.
स्टॉलपुढं ही गर्दी. बायकाच बायका. मला वाटलं, बांगड्यांचा असेल. नाही, दगडांचा.

आत शिवकन्या. कमरेला पदर खोचलेला, समोर तागडी. बोलून राहिली होती, बोलून राहिली होती. कुंडीत ठेवा, देवघरात ठेवा, अन् ताई, गच्चीवर पापड घालता न्हवं, कापड उडतंय न्हवं? चार कोपऱ्याला चार ठेवा. विटेसारखी घाण करत न्हाई, दिसायला गुलाबी, अन् खडबडीत हाय म्हणून जागचा हलत न्हाई. बायका किलो किलोनं नेत होत्या.

साडू मागं घामाघूम, पोती उतरवत होते. मी त्यांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, माझं कशाचं, साडूभाऊ? नर्सरीवाल्यानंतर माझं पोतं तसंच पडून होतं. शिवकन्या आली तवापासून सगळा धंदा तिचा. मी हमाल.

म्हणजे सव्वा महिना मी बायकोवर जळत होतो. माझ्याच बायकोवर, आणि नाव साडूचं घेऊन. हे कळल्यावर जळणं थांबायला पाहिजे होतं. थांबलं नाही.

शिवकन्यानं पिशवी उघडून माझे दगड बघितले.  एक स्टूल दिलं आणि म्हणाली, इथं बसा, बायका किलो घेतल्यावर वर काय देता म्हणून भांडतात, फुकटच्या कोथिंबिरीसारखा प्रत्येकीला एक टाका. गोल दगड तसा पापडावर राहत न्हाई, गडगडतो.

टाकायला लागलो. काही बायकांनी घेतला, काहींनी घेऊन परत ठेवला. एक लाल लुगड्यातली म्हातारी आली. देगलूरकडची असावी, बोलण्यात कानडी येत होतं. तिनं दोन किलो घेतला. मी उठून, दोन्ही हातांनी, त्यातल्या त्यात चमकणारा काढून दिला. म्हटलं, आजी, हा महिनाभर फिरवलेला आहे, पाण्यात बघा.

तिनं उलटा सुलटा केला. अंगठ्यानं घासला. मग माझ्या हातावर परत ठेवला आणि म्हणाली, हा नगं रे बाबा, लई फिका हाय. त्या पोत्यातला बारका तुकडा दे की त्याच्या बदली.

मी शिवकन्याकडं बघितलं. ती तागडीत वजन टाकत होती. वर न बघता म्हणाली, द्या की त्यांना, काय होतंय.

दिला. बारका नव्हे, चांगला मोठा बघून दिला. म्हातारीनं तोंडभर आशीर्वाद दिला आणि जाताना शिवकन्याला म्हणाली, तुझा गडी चांगला हाय गं, याला ठेव कामाला.