फानोच्या न्हाणाचा घडा

॥ अथेना देवी प्रसन्न ॥

कुंभारवाडा, अथेन्स
अंथेस्तेरिओन, शु. ३

चि. तेलेस यास मिर्तालेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मासेवाल्याबरोबर निरोप धाडलास, नवरीच्या न्हाणाचा घडा हवा म्हणून. अरे, लग्नाचा महिना सरला आणि आता फानोचं लग्न? आणि नवरा कोण, त्याचा पत्ता नाही. धाकट्या बहिणीचं उरकतोस, आणि मी तापातून उठलेली म्हणून मला वगळतोस! कुणा म्हाताऱ्या जहाजवाल्याच्या गळ्यात बांधतोयस, मला वास येतोय. आणि घड्यावर चित्र काय मागतोस, तर पाताळाचा राजा पेर्सेफोनीला रथातून पळवतोय! आमचे हे म्हणाले, मेव्हण्याचं डोकं फिरलंय.

फानोला दोन ओळी लिहायला सांग. सोबत अंजीर आहेत, तिच्यासाठी. तू खाऊ नकोस. लोभ आहेच, खरं बोललास तर वाढेल.

तुझी ताई

एजिना, शु. ९

ती. ताईस सा. न. वि. वि.

अंजीर पोचले. तुझं नेहमीचंच, आधी संशय, मग खुशाली. जहाजवाला कुणी नाही, शपथ. फानो सध्या लिहिणार नाही. चित्र तेच राहू दे. मागून तिची आई देमेतेर हात पसरून धावतेय, तेवढं काढा. आणि दाजींना सांग, घड्याला तळ ठेवू नका.

तू उन्हात बसत जा. राग धरू नये, माया असू द्यावी.

तेलेस

कुंभारवाडा, पौर्णिमा

तेलेस,

आशीर्वाद मागाहून. कुंभाराच्या बायकोला बिनतळाचा घडा सांगतोस? लग्नाआधी गेलेल्या पोरीच्या कबरीवर तो ठेवतात. ओतलेलं पाणी थेट तिच्यापर्यंत झिरपावं म्हणून तळ कापतात. आणि मी इथं जहाजवाल्याला शिव्या घालत बसले. माझ्या तापाला भ्यालास, म्हणून मातीकरवी निरोप धाडलास. भित्रा कुठला!

घडा ओलाच होता. हे तळ कापायला उठले, मी यांच्या हातातला माती कापायचा दोरा घेतला. तिची पहिली वेणी मी घातलेली. हेही मीच केलं.

भट्टी निवली की घडा घेऊन मी येते. ताप गेला खड्ड्यात. तोवर एवढंच कळव, जाताना तिनं माझं नाव काढलं का? काढलं नसेल तर उगाच काढलं म्हणून लिहू नकोस. मला कळतं.

माया आहे रे, गाढवा. जेवत जा.

ताई