सातव्या उपवासाची चक्कर

भूपालदादा,

काल सांगलीत आईला पेसमेकर बसवला आणि तरी तू डॉक्टरांना तेच ऐकवलंस, "पर्युषणात दहा उपवास केलं, त्यानं अशक्तपणा आलाय."

अरे, उपवासाला कशाला बोल लावतोस? श्रावणात ती पडली, तेव्हा पोटभर भाकरी-आमटी खाऊन उठली होती. तू म्हणालास, "पित्त असंल." भांडी घासताना पडली, तर म्हणालास, "वय झालं." सातव्या उपवासाला बस्तीत, भगवंतांच्या मूर्तीसमोरच पडली, तेव्हा तोंडावर पाणी मारलंत आणि तिच्या तपाला हात जोडलेत! गावातले डॉक्टरही "उपवास हाय म्हटल्यावर चक्कर येणारच" म्हणून निघून गेले. दहा उपवास पुरे झाले की तिची मिरवणूक काढायला रथ ठरला होता ना तुमचा!

सांगलीत मोजली तर नाडी मिनिटाला चौतीस. मनगट धरून एक मिनिट बसायचं, एवढंही कुणाला सुचू नये? लय राग आलाय मला.

पण हे पत्र मी धाडणार नाही. तू उलट विचारशील, "चंदना, नर्स तू हायस का मी?" मेढ्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर असताना कुणीही चक्कर आली म्हणत आलं, की मी आधी नाडी बघते.

उपवासाच्या आठव्या दिवशी मी गावी आले होते. आई पाटावर बसली होती. सगळ्यांसारखी मीही तिच्या पाया पडायच्या रांगेत उभी राहिले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लगेच एसटी गाठली.

तिचा हात तिथंच मांडीवर होता, दादा.

तुझी,
चंदना