आईचा शेवटचा तंदूर

४ नोव्हेंबर

आईला नजफला दफन करून आलो. रडू आलं नाही. बायका छाती पिटत होत्या, मी कॉफीचे पेले विसळत होते. आत्या म्हणाली, "बसऱ्याला राहून दगड झालीस गं, नज्ला!"

झाले असेन.

६ नोव्हेंबर

आईचा धड एक फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे तो भलत्याच बाईचा वाटतो. जन्मभर गावाला तंदूर करून दिले, कॅमेऱ्यापुढे कधी उभी राहिली नाही — "तोंड काय टिपायचं त्यात!"

अंगणात एक तंदूर वाळत ठेवलाय. कच्चाच आहे. आत हात घातला. मातीच्या वळ्या दाबताना उमटलेली बोटं — खालून वर, एकाला एक लागून. त्या खाचांत माझी बोटं ठेवली. बरं वाटलं असं नाही. पण हात काढावासा वाटेना.

मागच्या टेकाडावर पाऊस पडला की खापरं वर येतात. त्यांवरही असेच अंगठे असतात. हजारो वर्षांपूर्वीचे. माणसं कोण, कुणाला ठाऊक!

बद्रिया — धाकट्या भावाची, फालेहची बायको — चहा घेऊन आली. बघितलं. पेला ठेवून गेली.

९ नोव्हेंबर

फालेह म्हणतो, तंदूर शेजारच्या उम्म जब्बारनं सांगून करवून घेतलाय, देऊन टाकू.

"हात लावून तर बघ!"

"ताई, माती आहे ती!"

बद्रिया मधे पडली — "राहू दे. त्यांना मी दुसरा करून देईन."

"तुला येतो?" मी म्हटलं. लागेल असंच म्हटलं. ती चुलीकडे वळली.

१० नोव्हेंबर

आभाळ भरलंय.

११ नोव्हेंबर

कच्ची माती पावसात विरघळेल, म्हणून आज भाजायला घेतला. खजुराच्या झावळ्या. बद्रिया शेजारी उभी — "हळू, ताई. एकदम जाळ केलात तर तडकेल."

तडकला नाही! बोटं तशीच आहेत. आता येऊ दे पाऊस.

१३ नोव्हेंबर

उम्म जब्बार आली. म्हटलं, आईच्या हातचा आहे, मिळायचा नाही. ती बघतच राहिली.

"अगं, गेल्या हिवाळ्यापासून तिला पेला धरवत नव्हता. तू आली कुठं होतीस मधे! हा बद्रियानं केलाय. तुझी आई शेजारी बसून नुसती ओरडायची."

बद्रिया पीठ मळत होती. विचारलं, "बोलली का नाहीस?"

तिनं मान वर केली नाही. "तुम्ही आत हात घालून बसला होतात, ताई. कसं सांगू?"