लवट्यांचा छापखाना मायाक्काच्या नावे

मी, भारत बिरप्पा लवटे, वय एकाहत्तर, राहणार बाळीवेस, सोलापूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीला घातलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. नजर कमी झाली आहे, समज कमी झालेली नाही. खालील सर्व मिळकत माझ्या कष्टाची असून तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

१. राहते घर माझी पत्नी नागव्वा हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये. तिच्यानंतर ते आमची एकुलती एक मुलगी मायाक्का हिचे. बँकेतली ठेव दोघींना निम्मी निम्मी.

२. तळमजल्यावरचा छापखाना, ऑफसेट मशीन, कटिंग मशीन, लिफाफ्यांचे साचे आणि कागदाचा साठा मायाक्काला पूर्ण मालकीने. नात्यात यावरून कुजबुज होणार, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मायाक्काला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्हाला ते छापखान्यातच कळले. मशीन धडधडत सुरू झाले आणि शेजारच्या झोळीतले बाळ हललेसुद्धा नाही. नागव्वा माझ्याकडे बघत राहिली. मी मशीन बंद केले ते त्या दिवसापुरते पुन्हा लावलेच नाही.

पुढे कर्णबधिर शाळेतल्या सरोजिनीबाईंनी तिला आणि आम्हा दोघांना खुणांची भाषा शिकवली. त्या भाषेत कागदाच्या मापांना नावे नव्हती. ती आम्ही बापलेकींनी ठेवली. क्राउनला डोक्यावर मुकुट, रॉयलला मिशीला पीळ. फुलस्केप कागदात एके काळी विदूषकाच्या टोपीची छाप असायची, असे बाईंनी सांगितले तेव्हा माया खुदकन हसली आणि तिने डोक्यावर टोकदार टोपी चढवली.

मग ए-फोर, ए-फाइव्ह आले. आकडा वाढतो तसा कागद लहान का होतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. मायाने एक कागद मधोमध दुमडला, एक बोट वाढवले. पुन्हा दुमडला, आणखी एक बोट. मला उमगले. लिफाफ्यांच्या 'सी' मापांसाठी तिने कागद आत धरावा तसा हात वाकवून दाखवला. या खुणांवर आम्ही कामे केली आणि त्यावर घर चालले.

३. मंगळवेढ्याजवळची जमीन धाकटा भाऊ धनाजी याला. ~~छापखान्यात त्याला जागा राहू नये.~~

धनाजी इतकी वर्षे गिऱ्हाइकांचे फोन आणि पार्सले बघतो. मायाला काम सोपवायचे मी बोललो तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "मुकीच्या हातात छापखाना म्हंजे कुलूपच की." पुढच्याच लग्नसराईत एका गिऱ्हाइकाने फोनवर बी-फाइव्ह लिफाफे सांगितले आणि धनाजीने त्याहून लहान सी-फाइव्ह ऐकले. जाड पत्रिका आत जाईना. लग्न तोंडावर आलेले. मुलीचे वडील म्हणाले, "आता वाटायच्या कशा ओ पत्रिका?" धनाजी उलट त्यांच्यावरच ओरडू लागला. मायाने पत्रिका हातात घेतली, पट्टी लावली आणि आईला घेऊन नवे लिफाफे करायला बसली. पत्रिका वेळेत वाटल्या गेल्या.

तेव्हापासून तिचा नियम आहे: नुसते नाव ऐकून काम घ्यायचे नाही. पत्रिका आणा, नाहीतर पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवा. आता पंढरपूर, अक्कलकोटहूनही फोटो येतात. धनाजीने मात्र अजून एक खूण शिकलेली नाही. पुतणीशी बोलायचे झाले तर तो माझ्याकडे बघून बोलतो. हे मला फार लागते.

४. व्यवस्था बघण्यासाठी मी सरोजिनीबाईंना नेमत आहे. त्यांनी काही घेणार नाही असे निक्षून सांगितले आहे.

५. माझ्यामागे हे पत्र वाचताना बाईंनी ते त्याच वेळी मायाला खुणांनीही सांगावे. "तिला मागनं सांगू" असे कोणी म्हणू नये. लग्नकार्यात, मयतीत, दवाखान्यात, तिला सगळे मागाहून कळत आले आहे.

दुरुस्ती: सही करण्याआधी बाईंनी हे सर्व मायाला खुणांनी सांगितले. कलम तीनपाशी तिने बाईंचा हात धरला आणि माझ्याकडे वळून विचारले, "काका छापखान्यातून गेले तर गिऱ्हाइकांशी कोण बोलणार? आणि या वयात ते जातील कुठे?"

मी म्हणालो, "त्याला तुझ्याशी बोलता येत न्हाई."

"मी शिकवते."

"माझ्यामागं शिकंल व्हय तो?"

"मागं कशाला? उद्यापासून."

नागव्वाने पेन माझ्या हातात दिले. कलम तीनमधले छापखान्यातल्या जागेचे वाक्य मी खोडले असून बाजूला सही केली आहे. धनाजीला उद्या सकाळी लवकर यायला सांगितले आहे. कशासाठी, ते सांगितलेले नाही.

भारत बिरप्पा लवटे (सही)

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही:
१. सरोजिनी चिंतामणी आराध्ये, निवृत्त शिक्षिका (सही)
२. डॉ. नंदीश हिरेमठ (सही)

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५