माझ्या पेशी एकदम ठणठणीत

१ मार्च
पोटात कळा आणणारं स्वादुपिंड काढलं त्याला आज आठ वर्षं. त्यातल्या साखर सांभाळणाऱ्या पेशी तेवढ्या डॉक्टरांनी वेगळ्या करून माझ्याच यकृतात सोडल्या. इन्सुलिन बंद. आपल्या पेशी म्हणजे अस्सल माल! संध्याकाळी जुन्या जागी कोणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखं झालं. तिथे आता काहीच नाही, मग दुखेल कसं? गॅस.

४ मार्च, सकाळी
उपाशीपोटी साखर १९८. मीटर बिघडलंय. खात्रीसाठी बायकोचं बोट टोचलं. ९१. मीटर ठीक आहे, माझंच बोट बिघडलं असणार. उद्यापासून गोड बंद.

५ मार्च
आज शेवटचं गोड.

९ मार्च
लेकीच्या पोटात पुन्हा कळा. माझाच आजार, माझ्याकडूनच गेलेला. तिलाही तेच ऑपरेशन सुचवलंय. म्हणाली, बाबा, तुमचं बघून ठरवते. लगेच मीटर दाखवलं. ८८. बोट बायकोचं होतं, पण साखर घरातलीच ना?

१५ मार्च
डॉक्टरांचा फोन. काहींच्या पेशी वर्षांनी थकतात म्हणे, इन्सुलिन सुरू करा, त्यात कमीपणा कसला. थकतात? माझ्या रुसल्यात फक्त. इन्सुलिनचं पेन आणलं, फ्रिजमध्ये भाजीमागे ठेवलं.
दुपारी आडवा झालो की ते येतं. कापून टाकलेलं ते, हळूच येऊन आपल्या जागी बसतं आणि पिळायला लागतं. घर रिकामं असलं की जास्तच. भीती वाटते. रेडिओ मोठा केला.

२० मार्च
ही चिडली. यापुढे बोट मिळणार नाही, पोरीला खरं सांगा म्हणाली. रविवारी नक्की सांगणार.

रविवार
मूड नव्हता.

२६ मार्च
लेक आली. आईची बोटं हातात घेऊन त्यावरच्या टोचल्याच्या खुणा बघत बसली. मग म्हणाली, बाबा, इन्सुलिन घ्यावं लागू शकतं हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलंय. त्याचं मला काही नाही. दुखणं गेलं का, एवढंच सांगा.
ठणकावून गेलं म्हणणार, तर हात आपोआप पोटावर. तिने पाहिलं. सांगून टाकलं, अजून येतं अधूनमधून. आधीच्या पाव हिस्सा असेल.
तिचे डोळे भरले. पाव चालेल मला, म्हणाली.
मग फ्रिजमधून पेन घेऊन आली. शर्ट वर करा, म्हणाली. केला.