इंग्रजीची संथा

वरची वाडी
रथसप्तमी, २५ जानेवारी २०२६

प्रिय विमल,

वर अनेक उत्तम आशीर्वाद लिहिले असते, पण तू म्हणशील, नवरा आहात की दक्षिणा घ्यायला आलेले भटजी? म्हणून नुसतं 'प्रिय'. इकडे सर्व क्षेम. सासूबाईंचा पाय कसा आहे? ऑपरेशननंतर महिनाभर जिना नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय आणि त्या दिवसभर जिन्याकडेच टक लावून बसतात, असं तू परवा म्हणालीस. हे सगळं फोनवरच बोललो असतो. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि त्या मधेच 'जावईबापू, जरा मोठ्याने' म्हणतात. काही गोष्टी मोठ्याने सांगण्याजोग्या नसतात. रावजी नारळांचा टेम्पो तवसाळच्या फेरीबोटीवर घालून उद्या रत्नागिरीला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र.

सुपारी सोलून झाली. मांजर तुझ्या गोधडीवर व्यालं, तीन पिल्लं आहेत. गणेशजयंतीला हेदवीच्या देवळात मुंगीला वाट नव्हती. मला सात घरची बोलावणी होती, मी पाच घेतली. हे वैराग्य नव्हे, गुडघा.

आता वेदिकेचा अभ्यास. तिची दहावी आणि त्यातलं इंग्रजी, दोन्ही तू जूनमध्येच माझ्या गळ्यात घातलीस. मी बारा वर्षं पाठशाळेत काढलेला माणूस, मला शिकवायची एकच पद्धत येते, तू पाहिलीच आहेस. सकाळी आंघोळी झाल्या की पडवीत समोरासमोर बसायचं, मी एक वाक्य म्हणायचं, तिने तेच दोनदा म्हणायचं. संथाच ती. गाईडातले नऊ निबंध आणि अकरा पत्रं असे पक्के केले. भाषा मोठी विचित्र आहे हो. लिहिलेली निम्मी अक्षरं बोलताना गैरहजर, आपल्या ग्रामसभेसारखी. पण स्वर लावून म्हटली की मुकाट चालते.

पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या पेपरात थोडा घोटाळा झाला. गणेशजयंतीच्या दिवशीच शाळेतून फोन आला, तेव्हा दोन अभिषेकांच्या मधे सोवळ्यातच गेलो. इंग्रजीच्या दर्शना मॅडमनी वेदिकेचा निबंध पुढे ठेवला आणि शेजारी गाईड. एका शब्दाचा फरक नाही. तिने कॉपी केली असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांनी माफीनामा तयारच ठेवला होता. मी घाईत, यजमान ताटकळलेले, आणि इंग्रजी मजकूर मला भराभर कळत नाही हे तू जाणतेसच. सही केली. पूर्वपरीक्षेचे इंग्रजीचे गुण गेले, बोर्डाच्या परीक्षेला आडकाठी नाही. मिटलं.

वेदिका जरा अबोल आहे. थंडी फार पडलीय.

काळजी करू नये.

सखाराम


वरची वाडी
माघ शुद्ध द्वादशी, ३० जानेवारी

प्रिय विमल,

तुझी चिठ्ठी रावजीने दिली. 'थंडीने मुली अबोल होतात हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? काय केलंत ते सांगा.' दोनच ओळी. माझ्याऐवजी पाठशाळेत तुलाच घालायला हवं होतं.

तर ऐक. गणेशजयंतीपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवते, ताट घासते, आत जाते. इंग्रजीचं पुस्तक तिने माझ्या संध्येच्या पळीपंचपात्रीशेजारी आणून ठेवलंय, जणू तेही आता माझंच. परवा रावजी ओटीवर बसला होता. मी समोर असताना ती त्याला म्हणाली, "रावजीकाका, त्यांना सांगा, इंग्रजीच्या पेपरला मी बसणार नाही. चोराने कशाला बसायचं?"

रावजीने माझ्याकडे बघितलं. "भटजीनु, मी नारळ नेतो, निरोप नाय नेत. पॉरीशी तुमीच काय तां बोला."

बोललो नाही. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर महिन्याच्या आत आलाय आणि तो सोडला तर तिचं वर्ष जाईल, हे मला कळतं. तरी बोललो नाही.

आता त्या घाईबद्दल. यजमान ताटकळले नव्हते. ते दूध आणायला गेले होते आणि मला चांगला तासभर होता. इंग्रजी कळलं नाही हेही खरं नाही. मॅडमनी कागद पुढे केला, पहिली ओळ दिसली, 'द कूल ब्रीझ वेलकम्ड अस', आणि माझा हात मांडीवर आपोआप स्वर द्यायला हलला. थंड हवेच्या ठिकाणची सहल! आपली मुलगी चिपळूणच्या पलीकडे गेलेली नाही, पण ती सहल मी तिच्याकडून एक्केचाळीस वेळा करून घेतलीय. कॉपी नव्हतीच. मी दिलेली संथा होती. माझ्याइतकं हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मग का बोललो नाही?

ऑक्टोबरातली पालकसभा आठवते? तू घरी होतीस, मी गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, मुलांकडून पाठ करून घेऊ नका, त्यांना मोडकंतोडकं का होईना, स्वतःचं लिहू द्या. तेव्हा मी उठलो. म्हणालो, "आमच्या घरी घोकंपट्टी बंद आहे. मुलगी स्वतःच्या मनाने लिहिते." वर एक सुभाषितही म्हटलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन तुला टाळ्यांचं सांगितलं, वाक्याचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा सकाळी आम्ही पडवीत बसलो होतो.

आता त्याच मॅडमसमोर, सोवळं नेसून, 'बाई, मी तेव्हा थापा मारत होतो' असं म्हणायचं होतं. एवढंच.

वेदिका टेबलाच्या कडेला उभी होती. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. तिला वाटलं, बाबा आहेत, बाबा सांगतील. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, विमल, आणि मी हेडमास्तरांकडे पेन मागितलं.

सोमवारी शाळेत जातो. तू येऊ नकोस. तू आलीस की मी तुझ्यामागे उभा राहीन.

सखाराम


वरची वाडी
३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय विमल,

काल गेलो. सदरा-पायजम्यात, दहाच्या ठोक्याला.

हेडमास्तर म्हणाले, "भटजीबुवा, सही करून अकरा दिवस झाले. आता काय राहिलं?"

"सही मागे घ्यायची राहिली," म्हटलं. आणि सगळं सांगितलं, पालकसभेपासून.

दर्शना मॅडम ऐकत होत्या. "म्हणजे त्या दिवशी सभेत तुम्ही..."

"खोटं बोललो."

"आणि पेपर पुढे ठेवला तेव्हा?"

"तेव्हा बोललोच नाही. ते जास्त वाईट."

हेडमास्तरांचा विश्वास बसेना. मुलीला वाचवायला बाप काहीही सांगेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि माझ्या तोंडून ते खरं मानण्याजोगं काही आधी निघालेलंही नव्हतं. शेवटी मॅडमनी तोड काढली. इतका पाठ असेल तर वेदिकेने म्हणून दाखवावा.

तिला वर्गातून बोलावलं. हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "म्हण बाळ. घाबरू नको."

"मी नाही म्हणणार, सर," ती म्हणाली. "मी एकदा लिहून दाखवलाय. ज्यांनी सही केली, त्यांनी म्हणावा."

हेडमास्तर तिच्यावर ओरडणार होते. मी हात वर केला, मांडी घालायला जागा नव्हती म्हणून खुर्चीतच ताठ बसलो आणि डोळे अर्धवट मिटले.

मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने म्हणू शकत नाही हे तुला ठाऊक आहे. उदात्त, अनुदात्त, हात वर, हात खाली. 'द कूल ब्रीझ वेलकम्ड अस' नाकातून आणि दीर्घ. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. शिपाई नम्रताताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या. मॅडम गाईडावर बोट फिरवत होत्या. दरीतल्या धुक्यापर्यंत आलो आणि अडकलो. एक्केचाळीस वेळांत कधी अडकलो नव्हतो. डोळे उघडून वेदिकेकडे पाहिलं. तिला पुढचा शब्द येत होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

अडलं की पहिल्यापासून म्हणायचं, ही आमच्या गुरुजींची शिस्त. बाहेर आता चार-पाच पोरं जमली होती. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि परतीच्या बसपर्यंत गेलो.

कुणीच हसलं नाही मग.

मॅडमनी गाईड मिटलं. "सर, हे चुकीचंच आहे," त्या म्हणाल्या, "पण कॉपी नाही." माफीनाम्यावर हेडमास्तरांनी आडवी रेघ मारली. गाईडातल्या निबंधाला गुण मिळणार नाहीत. शुक्रवारी मॅडमसमोर बसून वेदिकेने नव्या विषयावर आपल्या मनाने लिहायचं. मग मॅडम तिला "सॉरी" म्हणाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी मराठीतसुद्धा म्हटलं नव्हतं.

घरी येताना पुलावर म्हटलं. जे म्हणायचं ते पूर्ण, एकही उपमा न वापरता.

ती बरंच अंतर चालली. मग म्हणाली, "ऐकलं."

बोर्डाच्या पेपरला बसणार का, हे विचारायचं धैर्य झालं नाही. माफ केलंस का, हेही नाही.

हे पत्र इथपर्यंत लिहून तिला वाचायला दिलं, तिच्यापासून लपवून तुला काही लिहायचं नाही असं ठरवलंय. वाचताना एकदाही हसली नाही. हसण्याच्या जागा मी मुद्दाम ठेवल्या होत्या. वाचून झाल्यावर इंग्रजीचं पुस्तक उचलून माजघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

आता ती आत बोलते आहे, हे मी पडवीतून लिहितोय. एकटीच, मोठ्याने. गाईडातलं नाही, मी लगेच ओळखलं असतं. मांजराच्या पिल्लांबद्दल काहीतरी आहे, एका पिल्लाचे डोळे उघडले त्याबद्दल. वाक्यं लंगडी आहेत, क्रियापदं मागे-पुढे सांडताहेत, स्वर तर नाहीतच. दर तिसऱ्या शब्दाला थांबते. आत्ताही थांबली आहे. तिला हवा असलेला शब्द मला येतो. गाईडातल्या अकरा पत्रांपैकी सातव्यात आहे.

मी उठलेलो नाही.

तुझा,
गप्प बसायची पहिली संथा घेणारा,
सखाराम